मिनिटाला साडेतीन मिलिलिटर

मुलपारी, १४ जानेवारी १९९३

प्रिय क्लाइव्ह,

या दोन हातांनी आजवर काय काय केलं ते आधी लिहितो, म्हणजे ‘दाजी, हे तुमच्या आवाक्यातलं नाही’ असं पुन्हा लिहिताना तुझं पेन थोडं अडखळेल. बर्नर बे इथली समुद्रकाठची शॅक, खिडक्यांच्या चौकटींसकट. बाराफुटी नाव, पहिल्या वर्षी गळायची, आता गळत नाही. चर्चच्या ऑर्गनचा भाता. तुझ्या बहिणीच्या, ग्वेंडाच्या, शिवणयंत्राची मोटर, दोनदा. गावच्या पाण्याच्या प्लांटवर झडपा उघडायची लांब दांड्याची किल्ली, कारण कौन्सिलने दिलेली अडीच इंच आखूड होती. टाकीतली पातळी दाखवणारा तरंगता गोळा. आणि क्लोरीनचे थेंब मोजणारं माझं थेंबयंत्र, ज्याला तू नाताळात ग्वेंडासमोर ‘दाजींचं खेळणं’ म्हणालास.

तर आता तुझ्या माहितीपत्रकाबद्दल. कागद फार गुळगुळीत आहे. चौथ्या पानावर एक गोरी मुलगी मीटरकडे बघून हसते आहे. मी एकोणीस वर्षं प्लांटवर एकटा आहे, मीटरकडे बघून कधी हसलो नाही.

मला एकच आकडा हवा होता, तो बारा पानांत नाही. तुझा मीटर जास्तीत जास्त किती मोजतो हे सहा ठिकाणी छापलंय. कमीत कमी किती मोजतो? मुलपारीत सहाशे चाळीस माणसं. त्यांच्या पाण्यात उन्हाळ्यात मिसळायचं क्लोरीनचं द्रावण मिनिटाला साडेतीन मिलिलिटर. म्हणजे औषधाचा लहान चमचा भरायला सुमारे दीड मिनिट. हिवाळ्यात त्याच्याही निम्मं. एवढंच मोजायचंय. त्यातही पंप धक्क्याधक्क्याने ढकलतो, आणि द्रावणाला बसल्या बसल्या गॅसचे बुडबुडे येतात. बुडबुडा म्हणजे द्रावण नव्हे, हे तुझ्या मीटरला कळतं का?

दुसरा प्रश्न. हार्विलच्या मुख्य कचेरीतले आपले नवे इंजिनीयर, ब्रेंटन नॉएमान, मीटरबद्दल बोलताना ‘प्लांट आपला आपण चालेल’ असं दोनदा म्हणाले. हा मीटर माझ्या मदतीला येतोय की माझ्या जागी? तू माझ्या बायकोचा धाकटा भाऊ आहेस आणि विकणारा तूच आहेस. तेव्हा सरळ सांग.

ग्वेंडाने जर्दाळूच्या जॅमच्या सहा बरण्या बाजूला ठेवल्यात. येशील तेव्हा ने.

लिंडसे पॅस्को

*

अ‍ॅडलेड, २२ जानेवारी

प्रिय दाजी,

तुमचं पत्र म्हणजे कोर्टाचं समन्स असतं. ऑफिसात वाचून दाखवलं, सगळ्यांना तुम्ही फार आवडलात.

कमीत कमीचं काय घेऊन बसलात? आमचा मीटर तासाला दोन लिटरपासून शंभर लिटरपर्यंत मोजतो. एवढा मोठा पल्ला या किमतीत कुणी देत नाही. गाव वाढलं की तुम्हीच म्हणाल, बरं झालं क्लाइव्हने पुढचा विचार केला.

आणि तुमच्या थेंबयंत्राबद्दल. मी चेष्टा केली, चुकलो. पण आमच्याकडे टेसा म्हणून तंत्रज्ञ आहे, ती म्हणाली, ‘तुमच्या दाजींना विचारा, दुपारी बेचाळीस अंशांत थेंब सकाळएवढाच पडतो का? द्रव तापला की थेंब लहान होतो. ते लहान थेंब मोठे म्हणून मोजत असणार.’ मी म्हटलं, बाई, तू आमच्या दाजींना ओळखत नाहीस. त्यांच्या थेंबाची हिंमत नाही लहान व्हायची.

नोकरीचं काहीतरी मनात आणू नका. नॉएमान तरुण आहेत, तरुण माणसं असं बोलतात. उलट तुम्हाला आराम मिळेल. ताईला घेऊन शॅकवर जा, व्हायटिंग मासे पकडा. एकोणीस वर्षांत सलग किती रजा घेतलीत?

जॅम ठेवा माझ्यासाठी.

तुमचा क्लाइव्ह

*

मुलपारी, ९ फेब्रुवारी

क्लाइव्ह,

उत्तराला उशीर झाला. पहिले चार दिवस मी रागावलो होतो. नंतरचे अकरा दिवस थेंब मोजत होतो.

टेसाला सांग, तिचं बरोबर आहे. पहाटे पाचला, एकोणीस अंशांवर, एका मिलिलिटरला वीस थेंब. दुपारी तीनला, त्रेचाळीस अंशांवर, एकवीस. अकरा दिवस, रोज तीनदा मोजलं. म्हणजे उन्हाळ्याच्या दुपारी माझं यंत्र शंभरात पाच जास्त सांगत होतं, तेही सहा वर्षं, आणि मी दर वहीत खाली सही करत होतो. यंत्र काढून शेडमध्ये टांगलंय. ग्वेंडा म्हणाली, ‘मी तर तुला तेव्हाच म्हणाले होते, उन्हात सगळंच आटतं.’ ती तेव्हा लोकरीबद्दल बोलत होती, पण मी वाद घातला नाही.

आता माझी चूक मी लिहून दिली, तुझी तू वाच. तासाला दोन लिटर म्हणजे मिनिटाला तेहतीस मिलिलिटर. माझं द्रावण साडेतीन. तुझ्या मीटरला दिसू लागणारी सगळ्यात बारीक धार माझ्या धारेच्या साडेनऊपट जाड आहे. त्याखाली तो काय दाखवतो हे मी तुमच्या ऑफिसला फोन करून विचारलं. एक पोरगी म्हणाली, ‘शून्य दाखवतो, सर. आकडा उगाच नाचू नये म्हणून.’ म्हणजे तुम्ही ओसाडीतल्या मेंढ्या मोजायला असा माणूस ठेवताय ज्याला दहाच्या खाली मेंढी दिसतच नाही, आणि वर सांगताय की तो हजारापर्यंत मोजतो.

निवडीच्या बैठकीला मला बोलावलं होतं, खुर्ची दाराजवळ. नॉएमान म्हणाले, ‘नळी अर्ध्या इंचाची आहे, म्हणजे मीटर अर्ध्या इंचाचा. यात निवडण्यासारखं आहे काय?’ मी म्हटलं, नळी अर्ध्या इंचाची आहे कारण एकोणऐंशी साली दुकानात तेवढीच होती. धार किती आहे ते बघा. ते म्हणाले, ‘मिस्टर पॅस्को, आपण भविष्यातल्या वाढीचा विचार करतोय.’ मी शाळेत होतो तेव्हा मुलपारीत नऊशे माणसं होती, आता सहाशे चाळीस. हे सांगितलं तेव्हा अध्यक्ष हसले, ते मुलपारीचेच आहेत. मग हात वर करून तुझा मीटर मंजूर झाला.

शेवटी नॉएमाननी टाइप केलेला कागद दिला. एक मार्चपासून चार आठवडे सक्तीची रजा. माझ्या गैरहजेरीत प्लांट हार्विलहून चालवून पाहणार: मीटरचा आकडा टेलिफोनच्या तारेवरून तिकडे, आणि पंपाचा हुकूम त्याच तारेवरून इकडे. बुधवारी आमची डॉन क्लोरीनची चव घेऊन बघते ती पण नको म्हणाले. डॉन म्हणजे लॉन बोलिंग क्लबची, तिचं नाक मी कुठल्याही मीटरच्या आधी धरीन.

माझा पहिल्या पत्रातला दुसरा प्रश्न अजून उभाच आहे.

लिंडसे

*

अ‍ॅडलेड, १८ फेब्रुवारी

प्रिय दाजी,

घाईत लिहितोय. मीटर बसवून झाला, फोटो सुंदर आलाय. आकड्यांचा घोळ घालू नका. प्लांट चालू झाला की सगळं जागेवर येतं, आमचा नेहमीचा अनुभव आहे. ताईला म्हणावं शॅकच्या गच्चीवर पाय पसरून बस. तुम्हीही हळूहळू सवय करा, मार्चनंतर मासेमारीला वेळच वेळ मिळणार आहे तुम्हाला. प्लांटवर फोन करू नका, नॉएमान चिडतात.

तुमचा क्लाइव्ह

*

बर्नर बे, ६ मार्च

क्लाइव्ह,

‘मार्चनंतर’ हा शब्द तू लिहिलास. रजा मार्चअखेर संपते. मार्चनंतर मला वेळच वेळ का मिळणार, हे मी ग्वेंडाला विचारलं. तिने पत्र वाचलं, चष्मा काढला, पुन्हा वाचलं, आणि त्याच्यावर मासे साफ केले. नंतर म्हणाली, ‘लहानपणी बिस्किटं खाऊन हा असाच हसायचा. तोंड मिटलेलं, पण खिशाच्या भोकातून चुरा सांडतोय.’

इथे सगळं ठीक आहे. गच्चीच्या सहा फळ्या बदलल्या. व्हायटिंग भरपूर. माझ्याकडे काम नाही, म्हणून प्लांटवरून सोबत आणलेली एक काचेची नळी खिडकीत उभी केलीय: शंभर मिलिलिटरची, खुणा केलेली, वर तोंड उघडं. दुपारी तीत समुद्राचं पाणी भरतो, खालून बारीक धार सोडतो, आणि रिकामी व्हायला किती वेळ लागतो ते घड्याळावर बघतो. ग्वेंडा शेजारणीला सांगते, ‘आमचे हे रजेवर आहेत.’

सोमवारी निघताना द्रावणाचं पिंप मी स्वतः काठोकाठ भरलं, दोनशे लिटर. माझ्या हिशेबाने ते एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत पुरतं. हे तारखेसकट पिंपावर खडूने लिहिलंय. कुणी वाचणारं तिथे नाही, हेही मला माहीत आहे.

आता तिसऱ्यांदा विचारतो, आणि यापुढे विचारणार नाही. माझी जागा जाणार आहे का?

लिंडसे

*

अ‍ॅडलेड, १२ मार्च, शुक्रवार

प्रिय दाजी,

हो. रागावू नका. कौन्सिलला माणसाचा खर्च वाचवायचा आहे, मीटर नीट चालला तर एक जुलैपासून मुलपारीवर माणूस नाही. तुम्हाला सेवेच्या वर्षांप्रमाणे रक्कम मिळेल, चांगली मिळेल, मी विचारून ठेवलंय. तोंडावर सांगायची हिंमत झाली नाही म्हणून रजेची कल्पना मीच दिली.

पण दाजी, आता एक गोष्ट मान्य करा. मीटर गातोय. पहिला आठवडा शून्य होतं हे खरं. नॉएमाननी तारेवरून पंप थोडा थोडा वाढवला, आणि मंगळवारी सकाळी आकडा आला. तासाला दोन पूर्णांक एक दशांश लिटर. तेव्हापासून रेघ सरळ, इकडची तिकडे नाही. आज सकाळी तर आणखी एकसारखी झाली. नॉएमाननी कागदाची प्रत पाठवली, आम्ही ती चौकटीत घालतोय. याच जोरावर अकरा गावांची ऑर्डर येतेय.

मग तुमचं ते मिनिटाला साडेतीन कुठून आलं होतं? टेसा म्हणाली तसं, थेंबांमुळेच ना?

ताईला सांगा, मी येऊन माफी मागणार आहे.

क्लाइव्ह

*

मुलपारी, १७ मार्च

क्लाइव्ह,

तुझं पत्र शॅकवरून फिरून आज इथे पोचलं. आम्ही रविवारीच परत आलो. का आलो ते ऐक, आणि चौकट अजून खिळ्याला लावली नसेल तर थांब.

शनिवारी दुपारी बर्नर बेच्या दुकानात पोस्टातल्या आयरिसचा फोन. ‘लिंडसे, तू पाण्यात काय घातलंयस?’ मी म्हटलं, मी मासे पकडतोय. ‘मग कुणी घातलंय? फुटबॉल क्लबच्या जर्सी धुतल्या बुधवारी, सोमवारी संघाचा फोटो आहे. किरमिजी-सोनेरी आपला रंग. आता बावीसच्या बावीस जर्सी सामन माशाच्या पोटासारख्या फिकट गुलाबी झाल्यात. कप्तान म्हणतो, हे अंगात घालून हार्विलशी खेळण्यापेक्षा तो उघडा खेळेल.’ मी विचारलं, लोक पितायत काय? ‘पिणार कोण? आम्ही सगळे पावसाच्या टाकीचं पितो, मीही. पण माझा काउंटरवरचा सोनमासा नळाच्या पाण्यात होता.’ मी विचारलं, आता वास कसा आहे? ती म्हणाली, ‘तेच नवल. बुधवारी डोळे चुरचुरत होते. आज काहीच वास नाही.’

हे शेवटचं वाक्य ऐकून मी गळ तिथेच ठेवला.

रविवारी पावणेचारला प्लांट उघडला. तुझा मीटर खरंच गात होता. २.१. हिरवा दिवा. मी खडूने लिहिलेली तारीख वाचली आणि पिंपाचं झाकण काढलं. पिंप रिकामं होतं, क्लाइव्ह. तळाला बोटभर गाळ. पंप पूर्ण जोरात हवा ओढत होता, आणि तुझा मीटर हवा मोजत होता, दर तासाला दोन पूर्णांक एक दशांश लिटर हवा.

आता हिशेब लावून बघ, मी दोनदा लावलाय. साडेतीन मिलिलिटर तुझ्या मीटरला दिसेना, म्हणून शून्य. हार्विलच्या लोकांनी कागदावर विश्वास ठेवला आणि पंप दुप्पट केला. तरी शून्य. चौपट, शून्य. मंगळवारी दहापट झाला तेव्हा मिनिटाला पस्तीस मिलिलिटर झाले, आणि मीटरला दिसू लागलं. त्यांनी मीटर धारेला जुळवला नाही, धार मीटरला जुळवली, आणि मीटर चालू झाला म्हणून टाळ्या वाजवल्या. दोन दिवस गाव ब्लीचमध्ये भिजलं. पिंप गुरुवारी दुपारच्या आत संपलं. त्यानंतर रविवारपर्यंत, तीन दिवसांहून जास्त, सहाशे चाळीस माणसांच्या नळाला क्लोरीनचा थेंबही नव्हता. शाळेला, आणि दवाखान्याच्या सहा खाटांनाही. तुला शुक्रवारी रेघ आणखी एकसारखी वाटली ना? हवेला धक्के कमी बसतात.

मी नळीने मोजून द्रावण सुरू केलं आणि नॉएमानना घरी फोन लावला.

‘मिस्टर पॅस्को, तुम्ही रजेवर आहात.’

‘पिंप रिकामं आहे.’

‘शक्य नाही. माझ्यासमोर आकडा आहे.’

‘माझ्यासमोर पिंप आहे.’

‘तुम्ही ते कशाने मोजलंत? मान्यताप्राप्त उपकरण होतं का?’

‘झाकण उघडून आत बघितलं.’

मग म्हणाले, ‘मी येतो.’ एकशे तीस किलोमीटर चालवत आले, सातच्या आधी. माणूस वाईट नाही. पिंपात वाकून बघितलं, हात घालून बघितला, मग पालथ्या बादलीवर बसले. विचारलं, ‘कुणी आजारी?’ मी म्हटलं, अजून तरी नाही. मग त्यांनी हाताने घरोघर चिठ्ठ्या वाटल्या, स्वतः, पाणी उकळून घ्या म्हणून. दवाखान्यात आधी गेले. आज तपासणीचे नमुने स्वच्छ आले. आमचं नशीब पावसाच्या टाक्यांनी राखलं, तुझ्या मीटरने नव्हे.

त्याच विटलेल्या जर्सींत संघाचा फोटो निघाला. कप्तान पाठमोरा उभा आहे.

लिंडसे

*

अ‍ॅडलेड, ५ एप्रिल

दाजी,

तीनदा लिहायला बसलो. ताईने फोन उचलून नुसतं ‘हं’ म्हटलं आणि ठेवला.

एक गोष्ट राहिली ती सांगून टाकतो. निवडीच्या अटी कौन्सिलने लिहिल्या नव्हत्या. नॉएमाननी मला फोन केला होता, ‘आम्हाला यातलं कळत नाही, तुम्हीच मसुदा पाठवा.’ मी पाठवला. ‘अर्ध्या इंचाची नळी’ मी लिहिलं, कारण आमच्याकडे अर्ध्या इंचाचाच साठा पडून होता. ‘माणसाशिवाय चालावा’ हेही मीच लिहिलं. ते वाक्य असलं की ऑर्डर लवकर निघते. तेव्हा तो माणूस म्हणजे तुम्ही, असं माझ्या डोक्यातच आलं नाही. खरं सांगायचं तर आलं होतं.

अकरा गावांची ऑर्डर थांबली. नॉएमान विचारतायत, मग मुलपारीला कोणता मीटर घ्यायचा? म्हणाले, ‘या वेळी पॅस्कोंना विचारा, आणि ते जे म्हणतील ते तसंच टाइप करा.’ म्हणून विचारतोय. कोणता घ्यायचा?

क्लाइव्ह

*

मुलपारी, २७ जून

क्लाइव्ह,

कबुलीजबाब मिळाला. ग्वेंडाने तुझी एक बरणी आयरिसला दिली. पाच उरल्या आहेत, पुढचं तुझ्या वागण्यावर.

कोणता घ्यायचा हे विचारायला तू तीन महिने उशीर केलास, पण विचारलंस. आधी धार मोजावी, मग मीटर बघावा. सगळ्यात कमी धार, हिवाळ्यातली, पहाटेची. ती ज्याला दिसत नाही त्याची बाकी पानं वाचू नयेत. मग विक्रेत्याला विचारावं, आतून बुडबुडा गेला तर काय दाखवेल? तो ‘आमचा नेहमीचा अनुभव’ असं काही म्हणाला तर चहा पाजून निरोप द्यावा. आणि कुठल्याही दिवशी, कुठल्याही माणसाला, भांडं आणि घड्याळ घेऊन त्याचं खोटं पकडता आलं पाहिजे. चांगले मीटर आहेत. टेसाने मला दोन दाखवले, मिनिटाला एक मिलिलिटरही मोजतात, नळी हलवून द्रवाचं वजन ओळखतात. फार सुरेख काम आहे, मी तासभर बघत बसलो. पण एकाच्या किमतीत आमची शाळेची बस येते.

म्हणून मी शॅकवरची नळी घेतली. ती पंपाच्या आधी बसवली, नंतर नव्हे. त्यामुळे धक्के तिच्यापर्यंत येतच नाहीत. वरचं तोंड उघडं, बुडबुडे आपले आपण निघून जातात. वरच्या आणि खालच्या खुणेला एकेक प्रकाशाचा डोळा, गॅरेजच्या जुन्या दारातून काढलेले. पिंपातून एक झडप नळी भरते आणि बंद होते; मग पंप नळीतूनच पितो; शंभर मिलिलिटर संपायला किती वेळ लागला तो आकडा तारेवरून हार्विलला. आजच्या धारेला साडेत्रेपन्न मिनिटं. पिंप रिकामं असेल तर नळी भरतच नाही आणि घंटा वाजते. वाहतं ते मोजायचं नाही, उरतं ते मोजायचं.

टेसा दोन दिवस येऊन राहिली आणि सगळ्या बाजूंनी चूक शोधली. शंभरात एकाच्या आत. तिच्यासमोर मी थेंबयंत्र शेडमधून काढलं, तीही ते तासभर बघत बसली.

पण एक गोष्ट मी तिला नाही, तिने मला नाही, नळीनेच दोघांना सांगितली. मे महिन्यापासून मुद्दाम पाच आठवडे ती धुतली नाही. खालच्या तोटीत चुना बसला, आणि वेळ शंभरात आठ खोटा झाला. म्हणून माहितीच्या कागदावर शेवटचं वाक्य आहे: ‘दर सोमवारी माणसाने येऊन नळी काढावी, ब्रशने धुवावी आणि घड्याळ लावून एकदा स्वतः मोजून बघावं.’ नॉएमाननी ते वाक्य वाचलं, माझ्याकडे बघितलं, आणि एक जुलैचा हुकूम फाडला. नवा टाइप केला, त्यात मी आहे.

लिंडसे

*

अ‍ॅडलेड, १९ जुलै

प्रिय दाजी,

आमच्या कंपनीचे साहेब स्वतः मुलपारीला येऊन गेले ते तुम्हाला माहीतच आहे. त्यांना नळी फार आवडली. कंपनी ती घेऊ इच्छिते, रीतसर, तुमच्या नावासकट: ‘पॅस्को नळी’. अकरा गावं आधी, नंतर पुढे बघू. सोबत करार आहे. रक्कम बघा, मग पाणी प्या, मग पुन्हा बघा.

एकच बदल आहे. कागदावरचं शेवटचं वाक्य काढायचं. साहेब म्हणतात, दर सोमवारी माणूस लागतो म्हटलं की कौन्सिलं घेत नाहीत. हवं तर ‘गरजेनुसार देखभाल’ लिहू. तुमची स्वतःची नोकरी सुरक्षित आहे, ते नॉएमानकडून लेखी घेतलंय. या वेळी मी आधी विचारलं, दाजी. हिंमत करून विचारलं.

एवढा पैसा मी आयुष्यात एकदम पाहिलेला नाही. ताईला नवं स्वयंपाकघर होईल. सही करा.

क्लाइव्ह

*

मुलपारी, २६ जुलै, सोमवार

प्रिय क्लाइव्ह,

आज सकाळी नळी धुतली. तोटीत नखाएवढा चुना होता.

तू आधी विचारलंस हे मी ग्वेंडाला सांगितलं. ती म्हणाली, ‘बरणी परत मागून घेते आयरिसकडून.’ म्हणजे तुझ्या पुन्हा सहा झाल्या. स्वयंपाकघराचं विचारलं तर म्हणाली, ‘तू करशील तेच घेईन, विकतचं नको. पण या वेळी फळ्या सरळ काप.’

तू लिहितोस, माझी नोकरी सुरक्षित आहे. ते वाक्य माझ्या नोकरीसाठी लिहिलेलं नाही. माझी वाचली ती त्या वाक्यानेच, हे खरं, आणि म्हणून ते कुणाला पटायचं नाही, हेही खरं. पण मी पाच आठवडे नळी धुतली नव्हती, आणि शंभरात आठ खोटं माझ्या डोळ्यांसमोर चढलं. अकरा गावांत धुणारं कुणी नसलं तर ते आठवर थांबणार नाही, आणि हार्विलसारख्या कुठल्या तरी कचेरीत बसून कुणीतरी त्या खोट्याला जुळवत पंप फिरवेल. त्या वेळी कागदावर नाव माझं असेल. सहा वर्षं मी लहान थेंब मोठे म्हणून सही केली, ते न कळता. हे कळून होईल.

नळी कशी करायची याचा आराखडा टेसाला तसाच दिला आहे, मापांसकट, ज्या कुणा प्लांटवाल्याला हवा असेल त्याच्यासाठी. फुकट, पण शेवटच्या वाक्यासह.

करार सोबत परत पाठवतो. सहीची जागा कोरी आहे. नीट नोंद राहावी म्हणून इथे लिहितो: एक वाक्य, पंधरा शब्दांचं, खोडण्यासाठी तुमच्या कंपनीने देऊ केलेले आणि मी न घेतलेले, एकतीस हजार पाचशे डॉलर.

लिंडसे पॅस्को